थर्मासमधलं रक्त

माझी धाकटी बहीण दर महिन्याला आमच्या आईचं रक्त थर्मासमध्ये घालून विंचूरहून नाशिकला आणायची. थर्मास रुंद तोंडाचा होता, तिच्या लग्नात आलेला. त्यात कुल्फीवाल्याकडून मागून आणलेला बर्फ, बर्फात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली काचेची नळी. येवल्याकडून येणाऱ्या एस.टी.त ती हा थर्मास मांडीवर घेऊन बसायची, नाशिकच्या द्वारका चौकात उतरायची आणि आमच्या लॅबच्या काउंटरवर ठेवताना मला सांगायची, "ताई, सांभाळून धर."

मला सांगायची. मी रोज सकाळपासून लोकांचं रक्त काढत होते, नळ्या लावत होते, फिरवत होते, मोजत होते. सांभाळून कसं धरायचं ते मला कळत नसेल असं तिला खरंच वाटायचं की मुद्दाम म्हणायची, हे तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मी मात्र थर्मासचं झाकण जरा जास्तच जोरात फिरवायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. लॅब एका डॉक्टरीण बाईंची होती. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. मी बी.एस्सी. करून लॅबचा डिप्लोमा केलेला. नवरा सातपूरला एका कारखान्यात टर्नर, आठवड्याला पाळी बदलणारी. सातपूरलाच दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्याचे उपाय, औषधं, नवस सगळं करून झालं होतं, आणि त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या आईचा एक नेम होता. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरच्या घरचं पाणी प्यायचं नाही. हा नेम पूर्वी आमच्याकडे घरोघर पाळायचे, पण माझ्या लग्नापर्यंत तो बहुतेकांनी सोडून दिला होता. आमच्या मावश्या आपापल्या मुलींकडे जाऊन आठ-आठ दिवस राहायच्या, जेवायच्या, हातात रिमोट घेऊन मालिका बघायच्या. आईने मात्र तो धरून ठेवला. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन ती यायची. पिशवीत तिचा फिरकीचा तांब्या, विंचूरच्या आडाच्या पाण्याने भरलेला. खुर्चीच्या कडेला बसायची, तांब्याची फिरकी उघडून दोन घोट प्यायची, पुन्हा घट्ट लावायची आणि दिवे लागायच्या आत परतीच्या गाडीला निघायची. मी केलेला चहा ओट्यावर गार होत राहायचा.

धाकटीच्या बाबतीत असा प्रश्नच आला नाही, कारण ती सासरी गेलीच नाही. आम्हाला भाऊ नाही. वडील गेल्यावर आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून धाकटीला घरजावई पाहिला. माणूस चांगला, कांद्याच्या मार्केटात अडत्याकडे कामाला. त्यामुळे धाकटी आईच्याच घरात, आईच्याच चुलीवर रांधायची, आणि आई तिच्या हातचं दोन्ही वेळा जेवायची, कारण घर तर आईचंच होतं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा. एकाच आईच्या दोन मुली, एकीच्या हातचं रोज गोड लागतं आणि दुसरीकडे घोटभर पाणीही चालत नाही.

लहानपणापासून हे असंच होतं. ती लाडकी आणि मी शहाणी. आमच्या घरात शहाणी म्हणजे जिच्याकडे लक्ष द्यायची गरज नाही ती.

आईला ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी काही तपासण्या सांगितल्या. आईला गाडी लागते, असं ती म्हणायची. खरं कारण मला माहीत होतं. नाशिकला आली की माझ्या घरी यावं लागणार, आणि घरी आली की पुन्हा पाण्याचा तोच प्रकार. त्यापेक्षा नकोच. म्हणून विंचूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर सकाळी दवाखाना उघडायच्या आत घरी येऊन आईचं रक्त काढायचा आणि धाकटी ते बर्फात घालून घेऊन निघायची. किडनीचे सगळे आकडे चांगले आले, पण पोटॅशियम वर. पुढच्या महिन्यात पुन्हा वर. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, तरी वर. त्यांनी ईसीजी काढायला सांगितला, तो विंचूरलाच काढून घेतला, अगदी सरळ आला. डॉक्टर बुचकळ्यात पडले. पण पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, तेव्हा जपलेलं बरं, असं म्हणून त्यांनी पथ्य लिहून दिलं आणि पाण्यात कालवून घ्यायची एक पिठूळ पूड दिली. ती पूड घेताना आईला उमासे यायचे.

धाकटीने ते पथ्य अंगावर घेतलं. नारळपाणी बंद, केळी बंद, टोमॅटो बंद, बेदाणे बंद. बटाटा चिरून रात्रभर पाण्यात, सकाळी उकळून ते पाणी फेकायचं, मग दुसऱ्या पाण्यात पुन्हा उकळायचा. पालेभाजीचंही तेच. डाळीचं वरचं पाणी काढून टाकायचं. आमच्या आईला द्राक्षं जीव की प्राण. घराच्या मागे एका नातलगाचा बाग होता, त्यातले राहिलेले घड ती लुगड्याचा ओचा भरभरून आणायची, तीही बंद. धाकटी नाशिकला आली की हे सगळं मला साग्रसंगीत सांगायची. काय काय उकळलं, किती वेळा उकळलं, आई कशी कुरकुरली आणि हिने तिला कसं समजावलं. मॅडम एकदा आतून बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अशी मुलगी प्रत्येकीला मिळावी. मी तेव्हा पिपेट धूत होते. ते मी बराच वेळ धुतलं.

माझ्या वाट्याला आईचं फक्त ते मोजणं आलं होतं. आमच्याकडे तेव्हा ज्योतीचं यंत्र होतं, फ्लेम फोटोमीटर. एका बाजूला गॅसचं सिलिंडर, दुसऱ्या बाजूला हवेचा पंप, मध्ये काचेच्या चिमणीत निळी ज्योत. रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं, ते पुष्कळ पातळ करायचं आणि बारीक नळीने ज्योतीत सोडायचं. सोडियम असेल तशी ज्योत पिवळी होते, पोटॅशियमची फिकट जांभळी. ती डोळ्याला दिसत नाही, पण यंत्राला दिसते आणि काचेवर आकडा येतो. गॅस जाळायचा म्हणून यंत्र दिवसातून एकदाच, दुपारी पेटवायचो. सगळ्यांचे नमुने आधी लावायचे आणि आईचा शेवटी, सावकाश लावायचा, हा माझा रिवाज होता. आकडा आला की वाटायचं, आईच्या आत काय चाललंय ते आधी मला कळतं, धाकटीला नाही. तेवढंच.

आता कुणी विचारेल, बर्फात आणलेलं रक्त चालतं का. कॉलेजात शिकवलं होतं की पेशींसकट रक्त फ्रीजमध्ये फार वेळ ठेवू नये, पोटॅशियम चुकतं. पण तीन-चार तासांनी फारसा फरक पडत नाही, हेही अनुभवाने माहीत होतं. पेठ-सुरगाण्याच्या बाजूच्या दवाखान्यांतून आमच्याकडे नळ्या बर्फाच्या डब्यातच यायच्या, जीपने, तितकाच वेळ घेऊन, आणि त्या माणसांचे आकडे ठीक असायचे. म्हणून थर्मासवर संशय घ्यावा असं मला कधी सुचलं नाही. मला संशय घ्यायचाच असता तर सगळ्यात आधी त्या थर्मासवरच घेतला असता, इतका तो माझ्या डोळ्यांत खुपत होता.

मग धाकटीला दिवस गेले. ही बातमी तिने मला लॅबच्या काउंटरवर, थर्मास ठेवता ठेवता सांगितली. मी तिला जवळ घेतलं, आणि त्याच वेळी मनात जे आलं त्याला काय म्हणायचं ते मला चांगलं माहीत होतं. हेवा. साधा, सरळ, बहिणीचा बहिणीला. सातवा महिना लागल्यावर तिच्या डॉक्टरांनी एस.टी.ला मनाई केली. नवऱ्याचं मार्केट सकाळचं. थर्मास आणायला कुणी उरलं नाही. शेवटी आई स्वतःच निघाली.

उन्हाळ्याचे दिवस होते. आई द्वारकेला उतरली ती घामाने थबथबलेली, चेहरा उतरलेला, हातात पिशवी आणि पिशवीत अर्थातच तांब्या. पण गाडीत कुणाचं तरी मूल तहानेनं रडत होतं, त्याला तिने सगळं पाणी पाजून टाकलं होतं. मी तिला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. शीर सापडेना. अंगातलं पाणी कमी झालं की शिरा बसतात. मी म्हटलं, आधी पाणी पी, मग घेते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं.

"हा माठ कुनाचा?"

"लॅबचा."

"म्हंजे तुझा नाय."

"मॅडमचा आहे, आई."

मग ती प्यायली. दोन फुलपात्री घटाघट. मी तिच्यासमोर सुई हातात धरून उभी होते आणि त्या मातीच्या माठाचा मला इतका हेवा वाटला की सांगायची सोय नाही. पाचेक मिनिटांनी शीर वर आली, मी रक्त घेतलं. माझा हात हलका आहे असं पेशंट म्हणतात. आईनेही म्हटलं, की कंपाउंडरपेक्षा बरं. त्या दिवशीचं माझं तेवढंच कौतुक.

आई बाकड्यावर बसून घरून आणलेली दशमी खात राहिली. त्या दिवशी यंत्र लवकर पेटवलं होतं, म्हणून नळी लगेच फिरवून वरचं पाणी लावलं. आकडा आला तो अगदी सरळसोट, कुणाही धडधाकट माणसाचा असावा तसा. मी ज्योत तपासली, पंप तपासला, माहीत असलेल्या द्रावणाने यंत्र पुन्हा जुळवलं. पुन्हा तोच आकडा. मॅडमना हाक मारली. त्यांनी विचारलं, पथ्य तेच? तेच. पूड? तीच. मग आज वेगळं काय? मी म्हटलं, आज आई स्वतः आली.

मॅडमनी आईचे मागचे आकडे काढून पाहिले. मग त्यांनी सांगितलं की आईचं थोडं रक्त अजून घे, त्याच्या दोन नळ्या कर. एक टेबलावर ठेव, एक बर्फात. आणि तुलनेसाठी कुणाचं तरी साधं रक्त हवं, तुझंच घे. मी आईचं घेतलं, मग डाव्या दंडाला दातांनी पट्टा ओढून स्वतःचं घेतलं. आईच्या दोन नळ्या, माझ्या दोन नळ्या. बर्फाच्या डब्यात आईची आणि माझी नळी शेजारी-शेजारी उभ्या केल्या.

मधल्या वेळात मॅडमनी मला समजावलं. थोडंफार मी शिकलेले होते, पण शिकणं वेगळं आणि आपल्या आईच्या रक्ताबद्दल ऐकणं वेगळं. लाल पेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, आणि बाहेर, ज्या पाण्यात ती पोहते त्यात, ते अगदी थोडं. सोडियमचं उलट. बाहेर जास्त, आत कमी. दोघांनाही सारखं जिथं कमी आहे तिकडे जायचं असतं. पेशीचा पडदा त्यांना सहजासहजी जाऊ देत नाही, पण पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. थोडं थोडं झिरपत राहतंच. म्हणून पडद्यात पंप बसवलेले असतात. एका खेपेला तीन सोडियम बाहेर टाकायचे आणि दोन पोटॅशियम आत घ्यायचे, हे त्यांचं जन्मभर चाललेलं काम. त्याला शक्ती लागते आणि ऊब लागते. रक्त गार केलं की पंप मंदावतो, पण झिरपणं काही थांबत नाही. म्हणून फ्रीजमधल्या रक्तात पोटॅशियम हळूहळू बाहेर साठत जातं. सगळ्यांचंच. पण काही घराण्यांत पडद्याची ठेवणच अशी असते की गारठा लागला की तो जास्त गळतो. शरीरात, उबेत, काही त्रास नाही. माणूस ठणठणीत. फक्त बाहेर काढून गार केलेलं रक्त खोटं बोलतं.

मी म्हटलं, म्हणजे आईला काही झालेलंच नाही? मॅडम म्हणाल्या, बघू ना, बर्फातल्या नळ्या काय म्हणतात.

संध्याकाळच्या आत चारही नळ्या लावल्या. आईची टेबलावरची थोडीशी चढली होती. बर्फातली मात्र नेहमीच्या जागी जाऊन बसली होती, जिथं ती दर महिन्याला बसायची, ज्यावरून डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं होतं. माझ्या दोन्ही नळ्या जिथल्या तिथं, जवळपास सारख्या.

पहिलं काय वाटलं ते खरंखरं सांगायचं तर, आनंद झाला. आई बरी आहे याचा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी टाचेला टाच लावून, दुसरा आनंद आला. थर्मास! धाकटीचा थर्मास, धाकटीचा बर्फ, ती चिंधी, ते मांडीवर घेऊन बसणं. तिच्या मायेनेच आईचं पोटॅशियम वाढवलं होतं. दोन वर्षं आईने द्राक्षाला हात लावला नाही तो हिच्यामुळे.

आणि मग मॅडम सहज म्हणून गेल्या, "हे आनुवंशिक असतं बरं का. मुलांमध्ये निम्म्यांना येतं. तुझ्यात नाही, लकी आहेस. बहिणीचं बघायला हवं."

मी माझ्या नळीकडे पाहत राहिले. आईचं नाक माझ्याकडे नाही, रंग नाही, आवाज नाही. ते सगळं धाकटीने नेलेलं. निदान हे तरी, कुणाला न दिसणारं, एका पडद्याचं गळकेपण, ते तरी आलं असतं. मी आपली तुलनेसाठी घेतलेलं साधं रक्त.

पुढच्या रविवारी मी विंचूरला गेले. ही बातमी पोस्टाने किंवा शेजारच्यांच्या फोनवर सांगता आली असती, पण मला धाकटीचं तोंड बघायचं होतं. ती आत चुलीपाशी पाय पसरून बसली होती, जवळच आई, आणि शेजारी परातीत बटाटे पाण्यात पडले होते. मी सगळं सांगितलं. पेशी, पडदा, पंप, गारठा. आणि शेवटी म्हटलं की तू बर्फ घालत होतीस म्हणून हे सगळं झालं, नुसतं पिशवीत आणलं असतंस तरी आकडा इतका चढला नसता. तिला आधी कळेना. मग कळलं. ती त्या बटाट्यांकडे बघत बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. तिने परातीतलं पाणी ओतून टाकलं आणि बटाटे तसेच टोपलीत ठेवले.

मला वाटलं होतं, आता आई म्हणेल, थोरलीने सोडवलं बाई मला. आई धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली की तिला काय माहीत असणार, तिने मायेने केलं.

मी विचारलं, "आणि मी?"

"तू मशिनीवर केलं."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. जे पाहिलं ते बोलली. पण मी उठून दारात गेले आणि तिथून, पाठमोरीच, इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारून टाकलं. म्हटलं, मॅडमच्या माठातलं पाणी चालतं, माझ्या घरचं का चालत नाही? सगळ्या बायकांनी सोडला तो नेम तूच का धरून बसलीस? माझ्यावर एवढा कसला राग?

आईने धाकटीच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाली, "राग नाय, पोरी. मी तुझ्या घरचं पानी प्याले म्हंजे वाट बघायची सोडली असं व्हईल. देवाला वाटंल, हिच्या आईनंच सोडलं."

मी परत आत आले आणि धाकटीच्या शेजारी बसले, कारण दुसरं बसायला कुठे जागा नव्हती. धाकटी डोळे पुसून माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याबद्दल आईच्या मनात एवढं काही आहे हे तिलाही तेव्हाच कळलं असावं, कारण तिचं तोंड जरा पडलं होतं. मला ते बघून, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

धाकटीला मुलगा झाला. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर मॅडमनी पुन्हा आठवण करून दिली, म्हणून ती आईला आणि बाळाला घेऊन द्वारकेला आली. यावेळी थर्मास नव्हता. मी तिचं रक्त घेतलं. दोन नळ्या, एक टेबलावर आणि एक बर्फात. दुपारी आकडे आले. बर्फातली नळी चढली होती, आईच्या नळीसारखीच, त्याच दिमाखात. आईला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, माझ्यावर गेली. धाकटीही हसली. पेशींचे पडदे गळणं ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण त्या दोघी तिथं बाकड्यावर बसून मिरवत होत्या. मी यंत्राचा गॅस बंद केला.

परतीची गाडी संध्याकाळची होती. बाळाने दोनदा कपडे खराब केले होते, ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, आणि बाळाला घेऊन स्टँडवर बसणं शक्य नव्हतं. म्हणून मॅडमची परवानगी घेऊन मी त्यांना रिक्षाने सातपूरला घरी आणलं. नवरा दुसऱ्या पाळीला गेला होता. आई नेहमीच्या खुर्चीच्या नेहमीच्या कडेला बसली, पिशवीतून तांब्या काढून पायाशी ठेवला. मी तिला काही विचारलं नाही. आता कारण कळलं होतं, त्यामुळे विचारणं आणखीच अवघड झालं होतं.

धाकटी बाळाचा लंगोट घेऊन मोरीत गेली. जाताना तिने आईच्या पायाशी असलेला तांब्या उचलला. मोरीत पाण्याची बादली काठोकाठ भरलेली होती, मीच सकाळी भरून ठेवली होती. त्या बादलीला बाजूला सारून धाकटीने तांब्याची फिरकी उघडली आणि विंचूरचं ते पाणी सगळं, थेंबन् थेंब, त्या लंगोटावर ओतलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. आपल्याकडे कोणी बघतंय हे तिला माहीत होतं, तरी तिने मान वर केली नाही.

थोड्या वेळाने आईला तहान लागली. तिने तांब्या हलवून पाहिला. धाकटी मोरीतून ओल्या हाताने बाहेर आली आणि आईसमोर उभी राहिली.

"पानी संपलं. मी लंगोटाला वापरलं."

आई म्हणाली, राहू दे, गाडीत बसल्यावर बघू. धाकटी हलली नाही.

"आई, तुझं रक्त काढलेलं चालतं तिनं, आन् तिच्या घरचं पानी तुला चालत नाय? वाट बघायची तर पानी पिऊन बघ की. तहानेल्यानं वाट बघितली म्हंजे देव लवकर ऐकतो का?"

आईने धाकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तो रिकामा फिरकीचा तांब्या उचलून तिने माझ्या हातात दिला. मी आत जाऊन भरून आणला. आईने दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि वरून न ओतता तोंड लावून प्यायली, थांबत थांबत, सगळा. पदराने ओठ पुसले आणि तांब्या पुन्हा माझ्यापुढे धरला.

"अजून आन. गार हाये."

मी नळाखाली तांब्या धरून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याच वेळी, त्या क्षणीसुद्धा, मी जळत होते. इतक्या वर्षांत ते पाणी ओतून टाकायचं मला का सुचलं नाही? ते एक वाक्य माझ्या तोंडून का आलं नाही? बाहेर धाकटी खांद्यावर बाळाला थोपटत होती, जसं काही झालंच नव्हतं. माझ्या घरचं पाणी आईला दिलं मी, पण पाजलं तिनेच.